सोनचाफ्याचं कडं

आमच्या घरात जेवायला बसलं की पहिला घास घेण्याआधी ताटातल्या भाजीचा अवयव सांगावा लागे. बटाटा असेल तर खोड, रताळं असेल तर मूळ, कांदा म्हणजे पानांचे मांसल तळ, फ्लॉवर म्हणजे अख्खा फुलोरा. आमटीत शेवग्याची शेंग असली तर ती फळ, आणि वाटाणा मात्र बी. सुरणाला नुसतं खोड म्हणून भागत नसे, कोणत्या प्रकारचं खोड तेही सांगायला लागे, आणि मी अडखळले की बाबा पोळीचा डबा आपल्याकडे ओढून घेत. आई ओट्यापाशी उभी राहून ओरडे, "अहो, आधी गिळू द्या तिला! पोटात गेलं की सगळं सारखंच." बाबा हसत, पण डबा सोडत नसत. ज्या दिवशी बोंबील असत त्या दिवशी माझी सुटका होई. बोंबलाला ना मूळ ना खोड. त्यामुळे त्या वर्षात मला बोंबील जितके आवडले तितके आधी किंवा नंतर कधीच आवडले नाहीत.

ते वर्ष माझ्या रिपीटचं. बारावी बऱ्यापैकी झाली होती, पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मी आपटले होते आणि बाबांनी जाहीर केलं होतं की शुभा पुन्हा बसणार. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. मी डॉक्टर झाले नाही हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच वाट बघायला नको. मी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात रंगांचे नमुने तपासते, आणि ते काम मला आवडतंही. पण तेव्हा बोळिंजच्या आमच्या त्या दोन खोल्यांत दुसरा कुठलाच विषय नव्हता. टीव्हीवर चादर टाकलेली होती. भिंतीवर वनस्पतींच्या वर्गीकरणाचा तक्ता, फ्रिजवर पेशीची आकृती, संडासच्या दाराला आतून प्रकाशसंश्लेषणाचं चक्र. सकाळी पाण्याची मोटर घरघरायला लागली की त्या आवाजावर आवाज चढवून बाबा दाढी करता करता म्हणत, "झायलेम?" आणि मी अंथरुणातून म्हणायचे, "पाणी वर." "फ्लोएम?" "अन्न खाली." मग कुकरची पहिली शिट्टी. अजूनही कुठे मोटर सुरू झाली की माझ्या तोंडात 'पाणी वर' येतं, आणि मला स्वतःचीच चीड येते.

बाबा मुंबईत एका कचेरीत होते आणि कॉमर्स शिकलेले होते. फिजिक्स त्यांच्या डोक्यावरून जाई, केमिस्ट्रीचं पुस्तक त्यांनी दोनदा उघडून मिटलं. पण बॉटनी त्यांना जमली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझं जुनं पुस्तक वाचून ते घरी येत, आणि चपला काढायच्या आधी मला काहीतरी नवीन सांगत. आज मला कळतं, लेकीसाठी आपल्याला करता येण्यासारखी हीच एक गोष्ट आहे असं त्यांना वाटत होतं आणि ती ते जीव तोडून करत होते. तेव्हा मला फक्त त्यांचा वैताग येई. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी दोन्ही मागे घेत नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून, आईचा सोनचाफा होता. आता तिथे दुचाकी ठेवायला पत्र्याची शेड आहे. आई आगाशीच्या पुढच्या एका वाडीतली. विहीर, केळी, मोगरा आणि चाफ्याची रांग असलेली ती वाडी तिच्या भावांनी विकली तेव्हा मी लहान होते. मला आठवते ती फक्त बुजवलेल्या विहिरीची ताजी माती आणि तिच्याकडे न बघता रिक्षात बसलेली आई. वाडी जायच्या आधी दत्तामामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, तिथल्या एका जुन्या चाफ्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधून कलम केलं आणि आईला आणून दिलं. मूळ झाड गेलं, रांग गेली, मामाही फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्या रांगेतलं जिवंत असं एवढंच उरलं होतं. आई फारशी बोलकी नव्हती, पण सकाळी खाली जाऊन ओंजळभर फुलं घेऊन ती जिना चढून येई तेव्हा तिचं तोंड वेगळं दिसे. एक फूल देवापुढे, एक अंबाड्यात, एक काचेच्या बाटलीत पाण्यात, आणि उरलेली वरच्या मजल्यावरच्या फर्नांडिस आंटीला, त्यांच्या घरातल्या मरियामातेच्या मूर्तीपुढे ठेवायला. घरात त्या वासाची आम्हाला इतकी सवय झाली होती की पाहुणा आला आणि म्हणाला तरच तो वास यायचा.

बाबांना प्रयोगाची कल्पना सुचली ती माझ्या गाईडमधल्या एका आकृतीवरून. आकृतीत एक झाड होतं, त्याच्या खोडाभोवतीची साल बांगडीसारखी गोल काढलेली होती आणि त्या जागेच्या वरच्या कडेला फुगवटा दाखवला होता. खाली लिहिलं होतं, की पानांत तयार झालेलं अन्न सालीतल्या फ्लोएममधून खाली जातं, साल काढली की ते वरच अडतं आणि सूज येते. एवढंच. हा प्रश्न मी पहिल्या वेळी चुकवला होता. म्हणजे मला तो येत होता, पण हॉलमध्ये झायलेम आणि फ्लोएम डोक्यात उलटेपालटे झाले. बाबांना ते फार लागलं होतं. "तू डोळ्यांनी बघितलं नाहीस ना, म्हणून चुकलं," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही." आणि झाडाला काही होईल ही शंका त्यांना आलीच नाही, कारण त्यांनी ते काम सासुरवाडीला स्वतः पाहिलेलं होतं. मामा गुटी कलम करायचा तेव्हा फांदीची साल अशीच गोल काढायचा, त्यावर ओलं शेवाळ आणि माती बांधायचा, आणि महिन्याभरात तिथे मुळं फुटायची. लग्नानंतर पहिल्यांदा वाडीत गेले तेव्हा हे बघून ते चकित झाले होते आणि कुणालाही सांगत असत. फरक एवढाच होता की मामाचं कडं फांदीवर असे, आणि मुळं फुटली की ती फांदी कापून वेगळी लावत. आकृतीत मात्र कडं खोडावर होतं. आकृतीत होतं म्हणून बाबांनी ते खोडावर काढलं.

भाऊबीजेला आई मामाकडे गेली होती. बाबांनी मला खाली बोलावलं. मी दोऱ्याचं टोक धरलं, त्यांनी खोडाभोवती दोरा फिरवून खडूने दोन सरळ रेघा मारल्या आणि कलमाच्या जुन्या चाकूने, शाळेतला मुलगा क्राफ्टचा कागद कापतो तशी जीभ बाहेर काढून, साल कापली. साल ओली होती, सहज सुटून आली. आत खोड पांढरंफेक आणि निसरडं होतं. बाबांनी अंगठ्याने चाचपून कुठे हिरवं राहिलं नाही ना ते पाहिलं आणि राहिलेलं खरवडून काढलं. मग त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून खोडाला टांगलं, 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.' ते इतके खूश होते की मलाही हसू आलं. सबंध सकाळ फिजिक्सपासून सुटका झाली होती, उन्हं छान होती, आणि आम्ही दोघं पुष्कळ दिवसांनी एकमेकांवर न चिडता बोलत होतो.

संध्याकाळी मामाने आईला स्कूटरवरून आणून सोडलं. आई उतरली, फाटकातून आत आली आणि झाडाशी थांबली. हातातली फराळाची पिशवी तिने खाली ठेवली नाही, तशीच धरून वाकून बघितलं.

"हे काय केलंत?"

"प्रयोग आहे गं. शुभासाठी. फ्लोएमचा." बाबा पुढे होऊन सांगू लागले. "गुटीला नाही का काढत तुमच्याकडे? तसंच."

"गुटी फांदीची असते." आईने खोडाभोवती एक फेरी मारली. "सगळीकडून काढलीत? मध्ये जराशी पण नाही ठेवली?"

"ठेवली असती तर प्रयोग झाला नसता ना."

आई मामाकडे वळली आणि ती दोघं त्यांच्या घरच्या बोलीत हळूहळू बोलू लागली. ती बोली बाबांना कधी नीट आली नाही आणि मला अर्धीच कळे. मामाने खोडावर बोट फिरवलं. त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावरून दिसलं. वाडीत फळ न धरणाऱ्या झाडाच्या खोडावर कोयत्याने चार टोचे मारायची रीत होती आणि अशी झाडं मरत नसत, पण चारी बाजूंनी सोललेलं खोड त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. "काय नाय होणार, ताई," तो शेवटी म्हणाला. "बांधून टाकू. भरून येईल." त्याने कुठून तरी शेण आणलं, मातीत कालवून जखमेवर थापलं आणि वर गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलं. आई तोवर पिशवी धरून उभीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते गोणपाट सोडलं. सूज दिसायला हवी ना, म्हणाले. पाण्याने शेणमातीही धुऊन काढली. आईने खिडकीतून हे पाहिलं. मला त्या क्षणी बाबांचा जो राग आला तो आजतागायत पुरता गेलेला नाही. माणूस चांगला असूनही हे करू शकतो, ही गोष्ट मला सतराव्या-अठराव्या वर्षी समजायची नव्हती. मी क्लासमध्ये बॉटनीच्या सरांना विचारलं, "सर, साल काढल्यावर झाडाचं पुढे काय होतं?" सर बोर्ड पुसत होते. "वरच्या बाजूला सूज येते," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही सर, त्याच्या पुढे." त्यांनी वळून पाहिलं. "पुढचं सिलॅबसमध्ये नाही. पुढचा टॉपिक बघा." क्लासमध्ये हशा पिकला. मला तेव्हा वाटलं, ज्याअर्थी विचारत नाहीत त्याअर्थी पुढे काही होत नसावं.

थंडी संपेपर्यंत वरच्या कडेला खरंच सूज आली. ओठासारखा जाड फुगवटा धरला. बाबा रोज ऑफिसला जाताना बोट लावून बघत आणि आल्यावर मला घेऊन जाऊन दाखवत. "हे कशामुळे?" "अन्न अडलं म्हणून." "कशात अडलं?" "फ्लोएममध्ये." झाडाची पानं हिरवीगार होती. आणि मग ऊन तापायला लागलं तसा तो चाफा फुलला. असा तो आधी कधीच फुलला नव्हता. फांद्यांच्या टोकाटोकाला कळ्या, एक वेचून होईतो दुसरी उमललेली. आईची ओंजळ पुरेना, ती परडी घेऊन खाली जाऊ लागली, मग सुपली. दुसऱ्या विंगमधल्या बायका ओळख काढून येऊ लागल्या. फर्नांडिस आंटी जिन्यात थांबून म्हणाल्या, "काय खत घालते गं तू? माझी मूर्ती दिसत पण नाय फुलांत." आई चक्क लाजली. वाडी गेल्यापासून तिने गजरा केला नव्हता, तो तिने त्या दिवसांत केला. संध्याकाळी खिडकीत बसून ती फुलं निवडायची आणि तिच्या लहानपणीचं काहीबाही सांगायची, विहिरीवरच्या रहाटाचं, पहाटे फुलांच्या करंड्या भरताना बोटांना येणाऱ्या पिवळेपणाचं. मी पुस्तक उघडं ठेवून ऐकत असे. बाबा म्हणाले, "बघ, उगाच तोंड पाडून बसली होतीस. उलट फायदाच झाला झाडाचा." आणि आई हसून म्हणाली, "झाला खरा." तिने मनापासून म्हटलं होतं.

ती फुलं कशाची होती हे मला फार पुढे कळलं. खाली जायचं अन्न वरच साठलं, ते फुलांवर खर्च झालं, आणि जमिनीखाली मुळं उपाशी राहिली. मुळांकडे साठलेलं होतं तोवर ती पाणी चढवत राहिली, म्हणून वरचं सगळं हिरवं दिसत होतं. परवा माझी मुलगी मोबाइलवरच्या तिच्या अभ्यासाच्या ॲपमधून मोठ्याने प्रश्न वाचत होती, आणि त्यात नेमकं हेच होतं, की साल काढलेल्या झाडाचा कोणता भाग आधी मरतो. तिने पटकन 'मुळं' दाबलं, हिरवी बरोबरची खूण आली आणि ती पुढे गेली. मी कणीक मळत होते, ती मळून झाल्यावरही मळत राहिले. एका मैत्रिणीला मी ही सगळी हकीकत सांगितली होती तेव्हा ती म्हणाली, म्हणजे ते झाड तूच होतीस गं. मला तिचा भयंकर राग आला. मी नव्हते. ते झाड होतं आणि ते माझ्या आईचं होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये तो प्रश्न आला. साल काढलेलं खोड, सूज कुठे येईल, चार पर्याय. माझ्या नाकात चाफ्याचा वास भरला, खरंच भरला, आणि मी बरोबर उत्तर लिहिलं. बाहेर फाटकापाशी बाबा उन्हात उभे होते. पेपर कसा गेला असं त्यांनी विचारलंच नाही. "कड्याचा प्रश्न आला?" मी हो म्हटलं. त्यांनी भर गर्दीत, अनोळखी लोकांसमोर, दोन्ही हात वर केले. मला शहाळं घेऊन दिलं, आणि मी स्ट्रॉ तोंडाला लावण्याआधी म्हणाले, "हे पाणी म्हणजे काय?" "एंडोस्पर्म, बाबा." त्यांचे डोळे भरून आले होते. फिजिक्सचं अर्धं मी सोडून आले होते हे मी त्यांना तिथे सांगू शकले नाही, घरी जाताना रिक्षात सांगितलं. ते म्हणाले, "बघू, बघू." घरात शिरताच त्यांनी मात्र आईला हाक मारली, "अगं, आला! चाफ्याचा प्रश्न आला, आणि बरोबर आला!"

आई हात पुसत बाहेर आली. "बरं झालं," ती म्हणाली. मग थोडी घुटमळली. "मग आता बांधायचं का त्याला?"

बाबांनी त्याच संध्याकाळी बांधलं. शेण मिळालं नाही म्हणून नुसती माती, वर प्लॅस्टिक, वर माझी जुनी ओढणी. पण तो फुगवटा वरच्या वर सुकला होता आणि मधलं पांढरं खोड काळं पडून त्याला चिरा गेल्या होत्या. निकाल लागला तेव्हा पाऊस लागला होता. माझा नंबर यादीच्या आसपासही नव्हता. बाबा दोन दिवस दाढी न करता ऑफिसला गेले. त्याच सुमाराला चाफ्याची पानं लोंबायला लागली. सगळीकडे पाणीच पाणी, बोळिंजचे रस्ते तुंबलेले, आणि झाड मात्र उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यासारखं मान टाकून उभं. बाबांना ते पाहवेना. ते छत्री न घेता खाली जात आणि बादलीने पाणी घालत. वरून धो धो पाऊस आणि खाली बाबांची बादली. सोसायटीतली मुलं जिन्यात उभी राहून हसायची. आई खिडकीत उभी असायची आणि मी तिच्या मागे. एकदा मी म्हटलं, "आई, त्यांना वर बोलव ना." ती म्हणाली, "घालू दे. त्यांना दुसरं काय येतं?" त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या आधी सोसायटीने माणूस पाठवून वाळलेलं झाड कापलं. गुडघ्याएवढा बुंधा राहिला. त्याच्या मुळाशी, जमिनीला लागून, कलमाचा सांधा होता, एक तिरपी गाठ. लहानपणी मी आईबरोबर खाली जात असे तेव्हा ती मला ती गाठ दाखवायची. गाठीच्या वर आपल्या वाडीचा चाफा, खाली कुठल्यातरी बियांच्या रोपाचा खुंट. खालून फुटवा आला की आई तो अंगठ्याच्या नखाने चट्कन खुडून टाकायची. "हा आपला नाही," म्हणायची. "ठेवला तर उगाच वाढतो."

बुंधा राहिला त्यानंतर काही आठवड्यांनी बाबांनी खालून हाका मारल्या. "अगं ए, शुभा! दोघी लवकर खाली या!" आम्ही गेलो. बाबा उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात पाण्याची बादली होती. बुंध्याच्या तळाशी, गाठीच्या खाली, एक फुटवा आला होता, दोन पानांचा, तांबूस. "बघ! मुळं जिवंत आहेत!" बाबा म्हणाले. "पुन्हा येणार तुझा चाफा. सगळं पुन्हा होतं. शुभासुद्धा या वर्षी परत बसेल, नाही का गं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे.

आई वाकली. तिचा हात सवयीने खाली गेला, अंगठ्याचं नख त्या कोवळ्या देठाला टेकलं. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"हो, आला," ती म्हणाली. "घाला पाणी."